दिवा विझला, दादा

प्रिय दादा,

आधी चांगली बातमी. बाबांच्या गाडीतला तो दिवा विझला. स्पीडोमीटरशेजारचा, इंजिनाच्या चित्राचा, पिवळा. ज्याला तू चारचौघांत 'क्लचराणीची ओळख' म्हणायचास. गेला एकदाचा. गाडी चढावर नेली, उतारावरून आणली, सिग्नलला मुद्दाम ताटकळत ठेवली, इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा तापवलं. दिवा नाही. उभ्या गाडीत पूर्वी इंजिन हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं, तेही थांबलं. तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा. फोन तू 'गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलू' म्हणून ठेवून देतोस. पत्र एकदा उघडलं की असं ठेवता येत नाही. तेव्हा चहाबिहा घे, खुर्चीत नीट बस आणि वाच.

बाबांना माझ्याकडे सोडायला आलास तो दिवस आठवतो ना? बाबा आणि गाडी दोन्ही एकदमच माझ्या दारात आणून ठेवलीस. बाबांची बॅग, काठी, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि वर गाडीची किल्ली. जागा पुरत नाही म्हणालास. वहिनी तुमच्या गाडीतून उतरलीसुद्धा नाही, काचेतूनच हात केला. आणि जाता जाता तू म्हणालास, "तुझा दिवा तुझ्याकडेच बरा." बाबांची नजर गेली आहे दादा, कान शाबूत आहेत. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. मी मूग गिळून बसले, कारण बाबांना अजून पायऱ्या चढवायच्या होत्या. पण ते वाक्य मी जपून ठेवलं. तुला माहितीच आहे, मला फेकून देता येत नाही काही.

तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी बाबांच्या गॅरेजसाठी सामान घेऊन येत होते. पुलाच्या चढावर इंजिन अडखळलं, सिग्नलला गाडी थरथरली आणि समोर पिवळं चित्र उमटलं. मी घाबरून तुझ्याकडे आले. तू बॉनेट उघडलंस, कोपरापर्यंत आत गेलास, बाहेर आलास, बॉनेटवर दोनदा थाप मारलीस आणि म्हणालास, "झालं!" दिवा खरंच गेला होता. फक्त गाडीतल्या घड्याळात बारा वाजले होते आणि बाबांच्या रेडिओला त्यांचं स्टेशन सापडत नव्हतं. बाबा कुरकुरत बटणं चाचपत बसले. काही दिवसांनी दिवा परत आला. पुन्हा तू, पुन्हा थाप, पुन्हा "झालं!", पुन्हा घड्याळात बारा. मला वाटायचं, दुरुस्त होऊन आलेल्या गाडीचं असंच असतं. बॅटरीची वायर काढून लावली की दिवा सगळं विसरतो आणि त्याच्याबरोबर घड्याळ आणि रेडिओही विसरतात, हे तेव्हा मला कोण सांगणार होतं? सांगणारा तूच होतास.

आणि मग तू निदान केलंस. माझं. "ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते, इंजिन मारलंन हिने." क्लचचा आणि त्या दिव्याचा काडीचा संबंध नाही, हे आज मी झोपेतही सांगेन. पण तू कोर्स करून आलेला, स्कॅनर तुझ्या हातात, आणि बाबा आपले कार्बोरेटरच्या जमान्यातले. "संगणकाच्या गाड्या तुमच्या तुम्ही बघा," म्हणायचे. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. खरं सांगू, मीसुद्धा ठेवला. पाय कुठे आहे ते कळावं म्हणून मी चपला काढून गाडी चालवायला लागले. तरी दिवा लागायचाच. मी लांब जायचे, इंजिन तापायचं, दिवा लागायचा. तू कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून यायचास आणि सगळ्यांना दाखवायचास, बघा, माझ्या हातात काही होत नाही. नाव मात्र झकास ठेवलं होतंस. क्लचराणी! गिऱ्हाइकंसुद्धा म्हणायला लागली.

गॅरेजच्या बोर्डाचा दिवस मी कधी बोलून दाखवला नाही. आज दाखवते. पेंटर डबे घेऊन शिडीवर चढला होता. बाबांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, दोघांची नावं घालायची, आधी मुलाचं, मग मुलीचं, अक्षरं सारखी. मी खाली उभी राहून शिडी धरली होती. तू हात पुसत आलास आणि बाबांना म्हणालास, "जिला घरची गाडी सांभाळता येत नाही, तिच्या हातात लोकांच्या गाड्या द्यायच्या?" आवाज चढवला नाहीस. अगदी काळजीनेच म्हणालास. बाबा वर बघून पेंटरला म्हणाले, "एकच नाव लिही." मी शिडी धरूनच होते. सोडली असती तर तो बिचारा पडला असता.

त्यानंतर मी कुरिअरच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये लागले, हे तुला माहीत आहे. काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. तिथे लोकांनी पिळून काढलेल्या व्हॅन येतात आणि मी त्यांचे असलेच दिवे शोधते. तिथे 'झालं' म्हणून चालत नाही. काय झालं, का झालं आणि परत का होणार नाही, हे सांगावं लागतं. आवडली नसती तुला ती जागा.

बाबा आले, गाडी आली, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेताना दिवा लागला. बाबांना दिसत नाही, पण इंजिन थरथरल्याबरोबर त्यांनी विचारलं, "लागला का गं?" मी हो म्हणाले. ते काहीच बोलले नाहीत. दादा, त्या न बोलण्यावर मी इतकी चिडले की सुट्टीच्या दिवशी गाडी सरळ वर्कशॉपमध्ये नेऊन उभी केली. स्कॅनर म्हणाला, इंजिनात हवा जास्त जाते आहे. ठीक. सगळ्यांत आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघितलं. हसू नकोस, कितीतरी दिवे त्या झाकणापाशीच विझतात. झाकण नीट होतं. प्लग काढले, चांगले होते. कॉइल एकीकडची काढून दुसरीकडे लावून बघितली, फरक नाही. सेन्सर तर कोरा करकरीत होता. तूच कधीतरी बसवलेला दिसतो, वेळ मारून न्यायला. मग धुराचं मशीन लावलं. हवा जिथून चोरून आत शिरते, तिथून धूर बाहेर येतो. थंड इंजिनावर कुठेच काही नाही. तिथेच सोडून दिलं असतं, पण मला आठवलं, दिवा नेहमी लांब गेल्यावरच लागायचा. गाडी दोन फेऱ्या मारून तापवली आणि पुन्हा धूर सोडला. इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागून, जिथे हात जेमतेम पोचतो तिथून, बारीकसा धूर निघाला. अगदी साळसूद.

वरचं सगळं उतरवल्यावर ब्रीदरची नळी, इंजिनातली वाफ परत आत नेणारी, हाती लागली. मधोमध तडकलेली होती. जुनी होऊन तडकलेली नळी कशी दिसते ते मी रोज बघते. ही तशी नव्हती. दिवा पहिल्यांदा लागण्याआधीच्या कुठल्यातरी कामात, कुणाच्या तरी कोपराचा भार पडून मोडली होती. आणि मोडलेल्या जागी टेप होती. गार असताना टेप चिकटून बसायची, इंजिन तापलं की सुटायची. म्हणजे नळी मोडली तेव्हा मोडणाऱ्याला कळलं होतं. त्याला सापडलंही होतं. आख्खा मॅनिफोल्ड उतरवून नवी नळी घालायचा कंटाळा आला आणि बाबांना सांगायची लाज वाटली, एवढंच. टेप निळी होती. निळी टेप फक्त बाबा आणायचे; गॅरेज तुझ्या हातात आल्यावर तू काळी आणायला लागलास. आणि वेढे उलटे होते. तू डावखुरा. लहानपणी घरातला टेप गुंडाळलेला कुठलाही जोड हाताला लागला की बाबा न बघता सांगायचे, हा त्याचा, हा हिचा. तुझे वेढे नेहमी उलटे. त्यावरून किती चिडवायचे ते तुला!

मी तिथे, वर्कशॉपच्या फरशीवर, बसून राहिले. आधी हसले, मग रडले, मग मला इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर मारला. तिथला पोपडा अजून पडलेला आहे, येऊन बघ. तू मला अडाणी समजलास ते मी सोडलं असतं. तुला दोष सापडत नव्हता असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि त्यासाठी मनातल्या मनात तुला माफही केलं होतं. ते माफ केलेलं मी परत घेते आहे. तुला सापडला होता. शिडीखाली उभं राहून तू ते वाक्य बोललास तेव्हा ती टेप त्या नळीवर होती.

मग सूड घ्यायचे विचार आले, आणि एकाहून एक सरस आले. नळीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवावा. नळी तुझ्या शटरला बांधून यावं, निळी टेप सगळ्यांना दिसेल अशी. वहिनीला भेट द्यावी, छान कागदात गुंडाळून. यातलं काहीच केलं नाही. नवी नळी घातली, गाडी जोडली, घड्याळ लावलं, बाबांचं स्टेशन शोधून दिलं. आणि काल दुपारी जेवणं आटोपल्यावर, बाबा गॅलरीत बसले होते, तेव्हा ती मोडकी नळी त्यांच्या हातात ठेवली.

बाबांनी ती आधी नाकाशी नेली. "ब्रीदरची," म्हणाले. मग अंगठा फिरवत गेले, तो टेपपाशी थांबला. एकदा पुढे, एकदा मागे. मग विचारलं, "रंग कुठला?" मी सांगितलं, निळा. "गाडी कुठली?" मी म्हणाले, आपली. तुझं नाव मी घेतलं नाही दादा, त्यांनीही घेतलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती निघून जाईपर्यंत बाबा तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणून माझा रेडिओ दरवेळी हरवायचा." एवढंच. त्यांनी नळी रुमालाने पुसली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि माझा हात शोधला. माझ्या हातावर त्यांचा अंगठा बराच वेळ तसाच फिरत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझी माफी मागितली, आणि तीही अशी, तोंडाने एक शब्द न काढता. ते ओझंसुद्धा मी तुझ्याच खात्यावर घालते.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "रविवारी येतो ना तो?" मी हो म्हणाले. "त्याला काही सांगू नकोस. मीच विचारीन." आणि झोपायला जाताना आणखी एक विचारलं, "तो बोर्डवाला पेंटर अजून काम करतो का गं?" गॅरेजची जागा अजून बाबांच्याच नावावर आहे, हे तुला मी सांगायला नको.

बाबांनी सांगू नकोस म्हटलं, तरी मी हे पत्र लिहिते आहे. तुला सावध करायला लिहिते आहे, माया आली म्हणून, असं समजू नकोस. रविवारी तू नेहमीसारखा हसत आला असतास, बाबांनी खिशातून नळी काढली असती, आणि एका क्षणात सगळं उरकलं असतं. तेवढ्यावर तू सुटावंस असं मला वाटत नाही. हे पत्र तुला आठवड्याच्या मध्यावर मिळेल. पुढचे सगळे दिवस तू गॅरेजमध्ये त्या बोर्डाखालून आत जाशील, बाहेर येशील, गिऱ्हाइकांच्या बॉनेटवर थापा मारशील, आणि प्रत्येक 'झालं'ला तुला ती नळी आठवेल. आलास तर काय बोलशील आणि नाही आलास तर बाबा काय समजतील, याचा विचार करत राहशील. दिवा लागलेला असताना, का लागलाय ते माहीत असूनही गाडी चालवत राहायचं म्हणजे काय असतं, ते तुला कळू दे. आणि दादा, हा दिवा विझवायला काढता येईल अशी बॅटरीची वायर नाही. रविवारी वाट बघतो आहोत.

तुझीच,
क्लचराणी