नाही असं न लिहिण्याची रीत

ती. आईस नमस्कार.

मी बरी आहे. खोलीतला हीटर दुरुस्त झाला, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

जवळच्या दीर्घिकांच्या मधोमध असलेल्या कृष्णविवरांच्या मंद रेडिओलहरी आम्ही शोधतो. पुष्कळदा तासन्‌तास दुर्बीण रोखूनही काही उमटत नाही. तरी ‘तिथे काही नाही’ असं लिहायचं नाही, ‘असलंच तर आम्हाला दिसेल त्याहून मंद आहे’ असं लिहायचं, ही इथली रीत. सुट्टीत जेवताना मी हे सांगितलं, तेव्हा दादा म्हणाला होता, “मजा आहे बुवा, तुमचं कधी चुकतच नाही!” तू केवढी हसलीस.

आता तेच तू मला लिहिलंस. बुडालेल्या बोटीवरच्या बाकीच्यांचे देह सापडले, दादाचा सापडला नाही, मग तो नाहीच असं कसं म्हणायचं? तो आला तर घरात असावी म्हणून वहिनीला तू माहेरीही जाऊ देत नाहीस.

आई, त्या कृष्णविवरांसाठी कुणी दार उघडं ठेवून बसत नाही. दादा गेला. हे मीसुद्धा आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

वहिनीला जाऊ दे. दादाचा निळा स्वेटर तिच्या बॅगेत तू स्वतः ठेव.

तुझी,
धाकटी