व्हरांड्यातलं हेल्मेट

वेंगुर्ले, मंगळवार, संध्याकाळ

हेल्मेट अजून व्हरांड्यातल्या खुर्चीवरच आहे.

पप्पांचं व्हायोलिन विकायचं म्हणून मी ऑनलाइन जाहिरात टाकली होती. आज एक माणूस ते बघायला आला. अनोळखी माणसाला चारचौघांतच भेटायचं, हे मी शाळेत पोरांना शिकवते. आणि मीच त्याला रस्त्याकडेच्या क्रुसाकडून घरापर्यंतची वाट फोनवर सांगितली! घरी आलेल्याला चहा द्यायचा, एवढंच डोक्यात. चहा पिता पिता त्याने विचारलं, "घरात आणखी कोण आसा?" मी म्हटलं, कोणी नाही, भाऊ गोव्याला असतो. का सांगितलं मी? व्हायोलिनला तर त्याने हातही लावला नाही. तो गेला आणि हेल्मेट राहिलं. विसरला? बाइकवर बसताना हेल्मेट कोण विसरतं?

शेजारची फिलू मावशी ओरडलीच, "गो, गिरायकाक तिठ्यार बोलवूचा, घरात नाय!"

जाहिरात काढून टाकली. त्याला मेसेज केला, हेल्मेट उद्या तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवते, तिथून न्या.

लगेच उत्तर आलं. "कशाक त्रास घेतास? तुमच्या घराची वाट आता माका पाठ आसा."