कुंदाला न सांगितलेलं ऑपरेशन

४ ऑगस्ट
बेंबीशेजारून नखाएवढी चरबी काढली. पहिला तुकडा वर्षापूर्वी, नागपूरला ऑपरेशनच्या वेळी घेतलेला. आता दोन्ही ताडून बघणार. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, जीन वही रहते हैं. कौन-सा चालू, कौन-सा बंद, वो बदलता है." बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं माझं. तेव्हा चरबी म्हणजे नुसती साठवण.

९ ऑगस्ट
धाकटी बहीण कुंदा आली खमरियाच्या क्वार्टरवरून. धापा टाकत. "ताई, तुझ्यासारखंच करून राहिले. उकडलेले मूग अन् चालणं. माझं काहून नाही उतरून राहिलं?"
"नेमाने करत नसशील."
बोलून गेले. जठर कापून लहान केलंय, हे फक्त ह्यांना ठाऊक. बाकीच्यांना पित्ताचे खडे सांगितले. जन्मभर शाळेत पोरींना संयम शिकवला. आता कोणत्या तोंडाने सांगू...

२२ ऑगस्ट
निकाल. चरबीतली सूज वाढवणारी काही जनुकं शांत झालीत. काही अजून जुन्याच चालीवर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन न झालेली सख्खी बहीण असेल तर तिचाही नमुना हवा.
"बहीण नाही मला," म्हटलं.
ऑटोत हे म्हणाले, "कुंदा मेली का?"

१ सप्टेंबर
आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. सवाष्णींत कुंदा माझ्या शेजारी. अर्ध्या पुरणपोळीतच माझं पोट दाटलं, थांबले. तिनेही तेवढीच खाऊन हात आखडला. सासूबाई कडाडल्या, "दोघी बहिणी काय नाटक करून राहिल्या? महालक्ष्मीचं ताट टाकतात का!"
कुंदा हसली. "ताईचा नेम आहे, मावशी."
संध्याकाळी आवराआवरीत ओट्याजवळ कोसळली. साखर फार खाली गेलेली. मधुमेहाची गोळी रोज घेते, वर जेवण तोडलेलं. माझं बघून.
तोंडात गूळ-पाणी घातलं. डोळे उघडले तर म्हणते, "पोळी जास्त झाली का गं?"

३ सप्टेंबर
सकाळी तिचा फोन. "आजपासून मूगही अर्धीच वाटी." म्हटलं, काही कमी करू नकोस, येते.
तिच्या क्वार्टरवर गेले. पर्समध्ये नागपूरच्या दवाखान्याचे खरे कागद. तिचे यजमान समोर पेपर वाचत. म्हणाले, "दीदी, हिला जरा कडक सांगा. तुमचंच ऐकते."
पर्सची चेन उघडली. म्हटलं, "कुंदा, मी जे केलं ते..."
"थांब थांब." आत गेली, वही-पेन घेऊन आली, चष्मा लावला. "हं. आता सांग, लिहून घेते."