सिहेमच्या पत्रिकांवरची सोनेरी धूळ

२५ नोव्हेंबर, सोमवार
सिहेमताईच्या लग्नाच्या पत्रिका मीच करणार. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आमच्या बाजूच्या साठ. छापखान्याला नको म्हणून कळवलंही. कळवल्यावर कृती तीनदा वाचली. घाबरण्याचं कारण नाही. चिकट शाईने ठसा उठवायचा, वर सोनेरी पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची, मग हीट गनने गरम हवा. पावडर वितळते, अक्षरं सोन्यासारखी उभी राहतात. शुक्रवारी नवऱ्या मुलाची आई, लल्ला वसीला, पाहायला येणार. लल्ला म्हणजे बाईसाहेब, आणि अर्धं स्फाक्स शहर त्यांना घाबरतं. मी घाबरत नाही. मी फक्त लवकर सुरुवात करणार.

२६ नोव्हेंबर
सुरुवात केली नाही. हीट गन एका जागी धरली तर कागद करपतो म्हणे. शेजारी पाण्याची बादली ठेवली. मग दुसरी. आई म्हणाली, बाई गं, पत्रिका करायच्यात की घर पेटवायचंय? उद्या नक्की.

२७ नोव्हेंबर, सकाळी
अकरा झाल्या. अक्षरं सुरेख. पण भोवती सगळीकडे सोनेरी कण. पत्रिकेला गोवर आल्यासारखा. कारण लगेच सापडलं: स्थिर वीज. आईची नायलॉनची ओढणी. तिला खोलीत यायची बंदी केली. ती म्हणाली, माझ्याच घरात मला बंदी? आणि ऑलिव्ह उतरवायला ये म्हटलं की तुझे पाय दुखतात.

संध्याकाळी
अपराधी वाटलं म्हणून दुपारभर ऑलिव्ह उतरवले. आल्यावर आणखी वीस पत्रिका. गोवर वाढलाय. मला भीती वाटली की भूक लागते. सकाळपासून चार वेळा नव्या तेलात पाव बुडवून खाल्ला. ओढणी आता कपाटात आहे, तरी वीज येते कुठून?

२८ नोव्हेंबर
ठसा उठवण्याआधी कागदावर टाल्कम पावडर फिरवावी, म्हणजे वीज कण ओढत नाही, असं सगळे जाणकार सांगतात. फिरवली. उरलेल्या एकोणतीस पूर्ण. कागद संपला. आता सुटे कण नाहीत. पाच-पाच लांबट डाग आहेत, आत बारीक रेघा. दुकानदाराने जुनी पावडर गळ्यात मारली असणार.

सिहेम म्हणाली, हात दाखव. मी म्हटलं, धुतलेत. म्हणाली, कधी? उन्हाळ्यात?

माझी बोटं तेलाने चकाकत होती. साठही पत्रिकांवर माझ्या बोटांचे ठसे, सोन्यात. पोलिसांनाही इतके स्पष्ट मिळत नसतील.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
लल्ला वसीला आल्या. एक पत्रिका उजेडाकडे धरली. बराच वेळ. म्हणाल्या, ही सोन्याची धूळ मुद्दाम उडवलीयेस ना?

मी मान हलवली. होकारार्थी.

शाळेत जाण्याआधी आजोबांनी मला घरी शिकवलं. पहिला धडा हा की चूक झाली तर तारीख घालून लिहायची, आणि ज्याच्या बाबतीत केली त्याला सांगायची. लिहिली. सांगायचं राहिलं, कारण लल्ला म्हणाल्या, मग आमच्या बाजूच्या दीडशेही तूच कर गं पोरी. अगदी अश्शाच. पुढच्या शुक्रवारी नेते.

मी हो म्हटलं. का म्हटलं?

३ डिसेंबर
नवा कागद. हात साबणाने तीनदा धुतले, कोरडे केले. दिवसभर तेलाला शिवले नाही, भीती कोरड्या पावावर भागवली. आधी हीट गन तापू दिली, मग सतत हलती ठेवली. चाळीस झाल्या. एकही कण इकडेतिकडे नाही. अक्षरांच्या कडा सुरीसारख्या. आयुष्यातलं पहिलं स्वच्छ काम.

लल्लांना धूळ हवीय.

४ डिसेंबर
बोटं तेलात बुडवून एक करून पाहिली. तेल पिऊन कागद आरपार झाला, त्यातून पलीकडची खिडकी दिसली. तशीच ठेवता आली नाही. हात धुतले. स्वच्छच करत राहिले. त्यांना पाहिल्यावर पटेल.

५ डिसेंबर
दीडशे पूर्ण. निर्दोष. त्यांना पटणार नाही. काल त्या मला स्वप्नात बादलीत बुडवत होत्या. उद्या त्या यायच्या आत फोन करून खरं सांगायचं.

६ डिसेंबर, शुक्रवार
फोन केला. तीनदा ठेवला. चौथ्यांदा एका दमात सांगितलं: तेल, बोटं, मान हलवली ती.

लल्ला हसल्या. इतकं हसल्या की त्यांना खोकला आला. म्हणाल्या, अगं वेडे, ते ठसे दिसायला चष्मा लागतो का? तुला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम म्हटलं. दीडशे म्हटल्यावर तू नाही म्हणशील, मग आपण छापखान्यात देऊ, असं ठरलं होतं. तू हो कशाला म्हणालीस? सोमवारीच छापायला दिल्या. तुमच्या साठ धरून. निम्म्या वाटूनही झाल्या.

ठरलं होतं? कुणाशी?

तुझ्या आईशी. सिहेमशी.

दोघींना विचारलं. आई भांडी घासत राहिली. सिहेम म्हणाली, रोज सांगायला तुझ्या दारापर्यंत यायचो गं. तू इतकी घाबरलेली असायचीस, की आम्हीच घाबरून परत जायचो.

दीडशे पत्रिका पलंगाखाली ठेवल्या. एकीवरही डाग नाही.