लकी लूझर क्रमांक एक

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्यापासून आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेची पात्रता फेरी. नोव्हेंबर अर्धा सरला तरी उकाडा हटत नाही. सकाळी दादरला जिमखान्याच्या कोर्टवर सराव, मग गिरगावात घरी येऊन आंघोळ, आणि आता पुन्हा अंग चिकट. उद्याची आणि परवाची, दोन्ही मॅच जिंकल्या तरच मुख्य ड्रॉ. ज्या कोर्टवर लहानपणी रॅकेट धरायला शिकले तिथेच मागच्या दाराने शिरायचं! रँकिंग घसरलं की नखरे चालत नाहीत.

स्पृहाला थेट प्रवेश आहे. मला आनंद आहे. आहेच. फक्त तो अधूनमधून स्वतःला सांगावा लागतो. शाळेत होतो तेव्हापासून आम्ही दोघी बरोबर खेळतोय, एकमेकींच्या आईच्या हातचं खातोय, एकमेकींचे घोटे टेपने बांधून देतोय. तेव्हा फिजिओ कुठला परवडायला! ती सवय अजून आहे. माझा घोटा तिच्याइतका घट्ट कुणी बांधत नाही.

जेवताना बाबांनी पुन्हा बँकेचं काढलं. खेळाडूंच्या कोट्यातली जागा, एक डिसेंबरला रुजू व्हायचं. जन्मभर सॉलिसिटरच्या ऑफिसात बसलेला माणूस, त्यांना त्यापलीकडे सुख दिसत नाही. बँकेत गेले की वर्षाकाठी बँकांच्या दोन-चार स्पर्धा, बाकी काउंटर. परदेशात जाऊन पॉइंट मिळवणं संपलं. मी हे सगळं बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे भात कालवला आणि म्हणाले, "मुख्य ड्रॉत एक मॅच जिंक. बँकेचं नाव काढणार नाही. नाही जिंकलीस तर एक तारखेला तू रुजू."

मी हो म्हटलं. मला वाटलं आई मध्ये पडेल. तिने फक्त कढी वाढली.

१६ नोव्हेंबर, रविवार

जिंकले! दोन सेटमध्ये. समोरची मुलगी उन्हाने हैराण, मी काही फार ग्रेट खेळले नाही. आईने कोलंबीचं भानोळं केलं होतं, म्हणे मार्गशीर्ष लागायच्या आत खाऊन घ्या. मला उद्याच्या विचाराने दोन घास उतरले नाहीत. आई रुसली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हरले. तिसऱ्या सेटमध्ये. पुढे होते, आणि मग सर्व्हिस करताना हातच माझा राहिला नाही. दोन डबल फॉल्ट. काय लिहायचं त्याबद्दल.

 विकास सर आम्हा दोघींना बारा वर्षं शिकवतायत, त्यांना माहीत आहे की अशा वेळी माझ्याशी बोललं तर मी चावते. पाण्याची बाटली हातात दिली आणि रेफरीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांनी तिथे नाव द्यायचं असतं. मुख्य ड्रॉतल्या कुणी पहिल्या मॅचआधी माघार घेतली तर तिच्या जागी आपण. त्याला लकी लूझर म्हणतात. हरलेल्यांत माझं रँकिंग सगळ्यात वर, म्हणून मी क्रमांक एक.

म्हणजे संपलेलं नाही. कुणाचं तरी काहीतरी दुखायला हवं, बस! हे लिहून झाल्यावर वाचलं आणि स्वतःचीच किळस आली. पण खोडत नाही. तेच तर मनात आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर बूट घालून बसले. रॅकेटना नव्या ग्रिप लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. बोलावलं की पाच मिनिटांत कोर्टवर हजर व्हायचं, म्हणून बाथरूमलासुद्धा पळत जायचं आणि पळत यायचं.

कोरियाची एक मुलगी खोकली. माझे कान टवकारले. एका मुलीने खांद्यावर बर्फ धरला होता, तिच्यासमोरून मी तीनदा गेले. शेवटी तिनेच विचारलं, कुणाला शोधतेयस का. काय सांगणार? तुझ्या खांद्यालाच, बाई!

त्या दोघी खेळल्या, वर जिंकल्या. पहिल्या फेरीच्या उरलेल्या मॅच उद्या. स्पृहाचीही उद्या, दुपारी. ती सरावाहून परतताना मान डोलावून गेली, नीट बोलली नाही. मला वाटलं, मी हरले म्हणून अवघडली असेल.

घरी आल्यावर बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या. त्यांनी आवाज वाढवला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

 झालं तसं लिहिते.

मॅचच्या तासभर आधी स्पृहाने मला चेंजिंग रूममध्ये ओढलं, कडी लावली आणि मोजा काढला. उजवा घोटा सुजलेला, बाहेरच्या बाजूने जांभळट. काल सरावात मुरगळला. कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, विकास सरांना नाही. स्पर्धेच्या फिजिओला दाखवलं तर ती बघताक्षणी डॉक्टरला बोलावणार आणि खेळू देणार नाही, म्हणून तिथेही नाही.

"बांध," म्हणाली.

मी खाली बसले. पाय मांडीवर घेतला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट धडधडत होती — ही खेळली नाही तर मी खेळेन. बूट पायात आहेत, ग्रिप नव्या आहेत, पाच मिनिटांत कोर्टवर. टेप लावताना बोटं नुसती घसरत होती. एक पट्टी वाकडी बसली, उपटली. स्पृहा कळवळली.

बांधून झालं. तिने उभं राहून भार टाकला, परत बसली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "उर्वी, तू सांग. तू म्हणालीस तर आत्ता नाव मागे घेते. तुला जागा मिळेल. बोल, काय करू?"

बाहेर तिच्या कॉलनीतली माणसं जमली होती. ललिता काकू, म्हणजे तिची आई, कुणाला तरी पुढची खुर्ची देत होत्या, तो आवाज आत येत होता.

मी म्हटलं, "खेळ."

लगेच म्हटलं. विचार केलाच नाही. तिने मला मिठी मारली आणि गेली.

चौथ्या गेमला पडली. नेटकडे आलेला एक साधा ड्रॉप, ती धावली, पाय आतल्या आत वळला. तिचा आवाज मला स्टँडच्या शेवटच्या ओळीत ऐकू आला. मी धावले, विकास सरही धावले. टेप कापायला कात्री लागली. मीच कापली, कारण बांधली मीच होती. सरांनी टेपकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

मॅच सुरू झालेली, म्हणून तिची जागा मला नाही; बाकी कुणी माघार घेतली नाही. संध्याकाळी पहिली फेरी संपली आणि रेफरीने लकी लूझरची यादी फाडून टाकली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिगामेंट फाटलंय. ऑपरेशन. सहा महिने तरी कोर्ट नाही. कदाचित जास्त.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्पृहाला भेटायला गेले. ती औषधाने झोपली होती. ललिता काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. त्यांना सगळं कळलंय, स्पृहाने सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "दुसरी कुणी असती तर आपली जागा बघितली असती गं. तू तिला खेळ म्हणालीस. मन मोठं आहे तुझं."

 चहा तसाच ठेवून निघाले, बस चुकेल म्हटलं.

मन मोठं! मला माहीत आहे मी का म्हणाले. तिच्यासाठी नाही म्हणाले. "नको खेळू" म्हटलं असतं तर जागा मला मिळाली असती, आणि मग सगळे म्हणाले असते, उर्वीने मैत्रिणीला बसवलं आणि स्वतः खेळली. त्या लाजेला मी घाबरले. तो घोटा मी हातात धरला होता, सूज बोटांना लागत होती, त्यावर कुणी धावू शकत नाही हे मला कळत होतं. कुठल्याही परक्या मुलीला मी म्हटलं असतं, अगं वेडी आहेस का, घरी जा. हावरट दिसू नये म्हणून मी स्पृहाचा पाय घालवला. हे खरं आहे आणि हे कुणालाही सांगता येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

विकास सरांना सांगितलं, मी बँकेत जातेय. त्यांनी आधी समजावलं, मग चिडले. माघार घ्यायची वेळ आली तेव्हा दोघींपैकी एकीलाही माझी आठवण झाली नाही का, म्हणाले. मी म्हटलं, तेच कारण आहे. ती खाटेवर आणि मी कोर्टवर, हे मला जमणार नाही.

सर म्हणाले, असली फेड टेनिसमध्ये नसते. कुणाचाच घोटा त्याने बरा होत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने घट मांडला, मला हार आणायला पिटाळलं. परत आले तर बाबा दारात उभे. चप्पल घालून उगाच उभे. मला म्हणाले, पैज लावली ती लावली, पण तू मुख्य ड्रॉत खेळलीच नाहीस, त्यामुळे ती लागू होते असं मी मानत नाही. अजून एक वर्ष बघ.

आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली त्यांनी! आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, नाही बाबा, मी जाणार. त्यांचा चेहरा पडला. आयुष्यभर जे मागितलं ते मिळालं आणि चेहरा पडला. आईने आतून हाक मारली, हार आणला का. मी हार घेऊन आत गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

सरावाच्या सवयीने पाचला जाग आली. जायचं कुठेच नव्हतं. पाय ऐकत नाहीत, चौपाटीपर्यंत चालून आले.

१ डिसेंबर, सोमवार

रुजू झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि स्पृहाचा फोन आला. मला राहवलं नाही. म्हटलं, सॉरी गं, मी त्या दिवशी नको म्हणायला हवं होतं, तुझा पाय माझ्यामुळे गेला. 

ती म्हणाली, "म्हणून तर तुला विचारलं, उर्वी. सरांनी नाही म्हटलं असतं. आईने तर कोंडून ठेवलं असतं. जागा तुला मिळणार होती, त्यामुळे तुला नको म्हणताच आलं नसतं. मला माहीत होतं. मला खेळायचंच होतं, फक्त कुणीतरी खेळ म्हणायला हवं होतं."

फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, जेवत का नाहीस. राग आलाय. इतका राग मला कधी हरल्यावरसुद्धा आला नव्हता. विकास सरांना मेसेज टाकलाय, संध्याकाळी कोर्ट मोकळं आहे का.