पंख्यातली लोकर

प्रिय पोरी,

तुला लिहायचं म्हणून तीन कागद फाडले. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, लावून घे. घरी नीट पोचलीस ना? जेवतेस ना? आईवडिलांना काय सांगितलंस, याचाच मला घोर लागला आहे.

काल प्रयोगशाळेत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाला नवा लेसर बसला. इंजिनिअरने माझ्या हाती बॅटरी दिली, जुना डबा सोडवला, नवा बसवला आणि कागदाचा चिटोरा धरून किरण सरळ करत दुपारभर बसला. सर दोनदा डोकावून गेले. शेवटी तुझ्याच अक्षरात नाव लिहिलेली एक काचपट्टी कॉन्फोकलखाली ठेवली, तर पडद्यावर तुझ्या पेशी हिरव्यागार उमटल्या. सर नुसतं हं म्हणाले.

बायकोचं तसंच आहे. अंथरुणात पाय गार पडतात, दिवसातून दोनदा मोजे बदलावे लागतात. आमच्या खोलीत ऊन येत नाही. तू तिला बघायला आलीस तेव्हा भिंतीला हात लावून म्हणालीस, काका, इथे तर भिंतीलाच सर्दी झालीय! ती अजून हसते. पण ही खोली नोकरीसोबतची. नोकरी गेली तर तिला उचलून न्यायचं कुठे? मागेपुढे कोणी नाही.

तू लेसर सलग नऊ तास चालू ठेवलास म्हणून जळला, असं सर सगळ्यांदेखत म्हणाले आणि तुला घरी धाडलं. तू मान खाली घालून उभी, आणि मी दाराशी बादली धरून. शंका आली तेव्हाच बोललो असतो तर सुटलो असतो.

लेसरच्या त्या जुन्या डब्याच्या मागच्या जाळीतून गरम हवा यायची. दोन हिवाळे मी बायकोचे लाल लोकरीचे मोजे त्या जाळीवर वाळवले. काल इंजिनिअरने आतल्या पंख्यातून चिमट्याने लाल बोळा ओढला आणि हसला, काका, उंदराने संसार थाटला होता की काय? मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. पंखा अडकला, हवा कोंडली, लेसरची नळी तापून जळाली. नऊ तासांचा काही संबंध नाही, हे तोच हळूच म्हणाला. कागदावर मात्र ‘धूळ साचली’ एवढंच लिहिलं. सरांनी तेही वाचलं नाही. त्याने मला वाचवलं की कोंडून घातलं, कळत नाही.

तोंडाने बोलवत नाही गं. सरांच्या दारापर्यंत जातो आणि फरशी पुसून परत येतो. म्हणून आज हे सगळं त्यांनाही लिहिलं आणि त्यांच्या बंद दाराखालून आत सरकवलं. किल्ली फक्त त्यांच्याकडे, ते येणार सोमवारी. त्यांच्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तू परत यायची तयारी ठेव. बायकोला अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगतो, सरकवल्यावर लगेच झाडूची काडी घालून कागद मागे ओढून पाहिला. काडी पोचत नाही.

तुझाच,
तळमजल्यावरचा काका