तांबड्या दाढीच्या माणसास घर

मी, म्यूरिएल जोन पेंगेली, वय एक्याऐंशी, निवृत्त शिक्षिका आणि बालपुस्तकांची लेखिका, राहणार बिटर वेल, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझं आधीचं मृत्युपत्र, ज्यात सारं काही माझा भाचा लिंडन याला दिलं होतं, ते याद्वारे रद्द समजावं.

रद्द का, तेही लिहिते. ईस्टरला लिंडन आला होता. खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या फ्लॅनेलच्या पिशवीत हेझल होती. कांगारूचं पिल्लू, अंगावर अजून धड लव नाही. तो म्हणाला, "आत्या, तुझ्यामागे हिचं कोण करणार? एक इंजेक्शन, संपला विषय." माझ्या पुस्तकांवर वाढलेलं पोर हे! तेव्हापासून मला एकच घोर आहे: मी गेले तर हेझलचं काय?

कलम १. माझ्या 'खिशातलं घर' या पुस्तकावरून केलेल्या, एप्रन घातलेल्या कापडी कांगारू बाहुल्या, पेटीसह, लिंडनला द्याव्यात. त्या दूध मागत नाहीत, चादर खराब करत नाहीत. त्याला झेपतील. आजोबांचं घड्याळही त्यालाच. मी इतकी दुष्ट नाही.

कलम २. राहतं घर, मागचं आवार आणि कुंपण, तसंच पुस्तकांचं यापुढे येणारं मानधन, शेजारी डग्लस हॅरिगन याला द्यावं. मानधन आधी दुधाच्या पावडरीला, उरलं तर छपराला.

गाव हसेल, हसू दे. डग्लस कांगारूंचा शिकारी आहे, त्यावरच त्याचं पोट आहे. माझ्या पुस्तकातला दुष्ट शिकारी, तांबड्या दाढीचा डॅन, कोणावरून घेतला हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुस्तक आलं त्या हिवाळ्यात त्याच्या लेकीला शाळेत 'डॅनची पोर' म्हणून चिडवू लागले. डग्लस माझ्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काही माझी धडगत नाही.

"दाढी तरी काळी लिहायची होतीत, बाई," तो म्हणाला. "पोरगी रडते माझी."

मी तोंड उघडणार तोच त्यानं शर्टात हात घालून एक पिल्लू बाहेर काढलं. "भांडू नंतर. आधी हे धरा, गार पडतंय."

ते भांडण राहूनच गेलं. त्यानं दाढी काढली ती कायमची. हमरस्त्यावर मेलेली कांगारू दिसली की तो गाडी थांबवतो, तिच्या पोटाची पिशवी चाचपतो, आणि मागून येणाऱ्यांनी पुन्हा थांबू नये म्हणून अंगावर रंगाची फुली मारतो. पिल्लू असलं तर शर्टात घालून माझ्याकडे. काही पिल्लं त्याच्याच गोळीनं पोरकी झालेली असत. तेही त्यानं कधी लपवलं नाही. मी एकदा चिडून विचारलं, "मारतोस कशाला नि वाचवतोस कशाला रे?" म्हणाला, "आईचे पैसे मिळतात, बाई. पिल्लानं माझं काय घोडं मारलंय?" याचं उत्तर मला एकाही पुस्तकात लिहिता आलेलं नाही.

कलम ३. अट एकच. हेझल स्वतःहून कुंपणाबाहेर जाईपर्यंत तिला घरात ठेवावं. गेल्यावरही संध्याकाळी व्हरांड्याचं दार उघडं ठेवावं; मोठी झालेली पिल्लं येतात, जरा उभी राहतात, जातात. आभार मानत नाहीत. ते फक्त माझ्या पुस्तकात.

कलम ४. प्रकाशकांस: पुढच्या आवृत्तीत डॅनची दाढी काळी करावी. बाकी एक शब्द बदलू नये. गोष्टीला दुष्ट माणूस लागतोच.

डग्लसला यातलं काहीही ठाऊक नाही. ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात. म्हणून सह्या होईतो त्याला स्वयंपाकघरात बसवलं आहे. तो तिथून ओरडतोय, "बाई, उरका की! ही माझ्या शर्टात झोपली, मला उठता येईना."

सही: म्यूरिएल जोन पेंगेली

साक्षीदार: १) आयव्ही नॅनकॅरो, पोस्टमास्तरीण
२) क्लेम शुल्झ, औषधविक्रेता

बिटर वेल, १४ जून १९९३